हवेतला बार

कोतवालाने बहुरूप्याच्या पोटरीत गोळी घातली आणि वर गावात दवंडी पिटवली, की बार हवेत उडवला होता!

आता बोला!

झालं होतं असं. भिवा बहुरूपी दरवर्षी मळणी उरकली की लेकीला घेऊन निंबखेडला यायचा. रोज नवं सोंग काढायचा आणि शेवटच्या दिवशी तोंडाचा रंग पुसून घरोघर बिदागी मागायचा. सोमवारी तो वैद्य होऊन आला. मंगळवारी माहेरी निघालेली सासुरवाशीण झाला. बुधवारी निघाला दरोडेखोर होऊन! काजळाच्या मिशा, खांद्यावर घोंगडी, हातात लाकडी तलवार. भर बाजारात त्याने कोतवाल हैबतरावांची वाट अडवली आणि ओरडला, "काढ गळ्यातला कंठा!"

बाजार पोट धरून हसला. पण हैबतराव नवेच आलेले, त्यांनी बहुरूपी कधी पाहिलाच नव्हता. त्यांची पाचावर धारण बसली. उचलली बंदूक आणि ठो!

भिवा खाली कोसळला. त्याची लेक सगुणा धावली, स्वतःची ओढणी फाडून तिने बापाची पोटरी करकचून बांधली. रक्त थांबलं, पण तिचा संताप काही थांबेना.

गावही खवळलं. न्हाव्याने हैबतरावांची अर्धी दाढी केली आणि वस्तरा गुंडाळून ठेवला. "उरलेली हवेत करून घ्या," म्हणाला! बायाबापड्या कोतवाल दिसले की दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या. "साहेब, आम्ही नुसत्या मेथी घ्यायला निघालोय हो! मारू नका!" हैबतरावांना घराबाहेर पडायची सोय उरली नाही.

हे सगळं रणधीरराव महाराजांच्या कानावर गेलं. महाराज भलतेच हट्टी. कोतवाल त्यांनी स्वतः निवडलेला, मग तो चुकेल कसा?

"बार हवेत उडाला, म्हणजे बहुरूप्याला लागला नाही," महाराज म्हणाले. "लागला नाही, म्हणजे तो खोटं बोलतो. बापलेकीला राज्याबाहेर काढा! आणि यापुढे एकाही बहुरूप्याला वेशीच्या आत घेऊ नका!"

सगुणाच्या पायाखालची जमीनच सरकली. बापाला उभं राहता येत नव्हतं, त्याला घेऊन ती जाणार कुठे? आणि सोंगं बंद झाली तर खाणार काय? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तडक दरबारात गेली.

"महाराज, अख्ख्या बाजाराने बघितलंय!"

"बाजार तुझ्या बाजूचा! त्यांची साक्ष मला नको."

"मग कुणाची चालेल?"

महाराज गालात हसले. "फक्त कोतवालाची! गोळी तुझ्या बापाकडे गेली, असं हैबतरावांच्या तोंडून वदवून दाखव. उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं तर गाशा गुंडाळ!"

दरबार खो खो हसला. कोतवाल कशाला आपल्या तोंडाने आपलाच गळा कापून घेईल? हैबतराव तर उरलेल्या अर्ध्या दाढीवरून हात फिरवत बसले.

"जमलं!" सगुणा म्हणाली. "फक्त महाराजांनी उद्या बाजारात यावं. आणि कोतवालसाहेबांनी त्या दिवशीसारखाच एक बार उडवावा. हवेतच हं!"

"उडवतील की! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. हैबतराव भरलेली बंदूक घेऊन आले. सगुणा महाराजांपुढे आली आणि तिने घोंगडी पुढे केली.

"हे काय?"

"बाच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं ना, महाराज! गावातलं माणूस तुम्हाला चालायचं नाही. म्हटलं, तुम्हीच राहा. बार हवेतच जाणार आहे, भ्यायचं काय?"

प्रधानजी ओरडले, "अगं ए, तोंड सांभाळ!"

पण महाराजांचा हट्ट आडवा आला. माझ्या कोतवालावर माझा भरवसा नाही, असं चारचौघांत कसं म्हणायचं? त्यांनी घोंगडी पांघरली. सगुणाने बोट भरून काजळ घेतलं आणि त्यांना अशा झुबकेदार मिशा काढल्या, की महाराजांचे हुजरेसुद्धा मागे सरले. हातात लाकडी तलवार दिली.

"आता बासारखं दटावा!"

महाराजांना भलताच चेव चढला. डोळे वटारून त्यांनी तलवार उगारली, उडी घेतली आणि गरजले, "काढ गळ्यातला कंठा!"

हैबतरावांनी बंदूक आभाळाकडे धरली होती खरी. पण ती गर्जना ऐकली आणि त्यांचे हात लटालटा कापायला लागले. नळी खाली यायला लागली. झाडाच्या शेंड्यावरून छपरावर आली, छपरावरून महाराजांच्या पागोट्यावर!

"उडवा, कोतवालसाहेब!" सगुणा ओरडली. "त्या दिवशी कुठे थांबला होतात?"

हैबतरावांना दरदरून घाम फुटला. त्यांनी बंदूक कडब्याच्या गंजीत भिरकावली आणि महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "सरकार, बाजूला व्हा! मी भ्यालो की नळी आपोआप खाली येते! त्या दिवशीही अश्शीच आली होती! गरिबाच्या पायात गोळी घातली हो मी!"

बाजाराने एकच जल्लोष केला. महाराज क्षणभर पांढरेफटक पडले. मग त्यांनी सगुणाकडे पाहिलं.

"पोरी, आणि यानं बार उडवलाच असता तर?"

"तर काय, महाराज," सगुणा म्हणाली, "मला असा साक्षीदार मिळाला असता, की त्याला खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नसती!"

महाराज जे हसत सुटले, ते काजळाच्या मिशा गालभर पसरल्या तरी थांबेनात. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं. हैबतरावांची बंदूक गेली. भिवाच्या औषधपाण्याचा भार त्यांच्यावर पडला. वर शिक्षा अशी, की भिवाची पोटरी बरी होईपर्यंत कोतवालाने त्याला पाठीवर घेऊन दारोदार हिंडवायचं. आणि पहिली बिदागी घ्यायला यायचं ते थेट राजवाड्यावर!