एकहाती गाडी

बाजीराव शेठच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नसे. शेठ सांगतील तीच गाडीची जन्मपत्रिका. नलिनीताई शिंत्रे मात्र सकाळपासून ब्रेकचाच विचार करत होत्या. त्यांनी आणि यजमान श्रीधररावांनी भटकंतीसाठी प्लायवूड आणि ताडपत्रीचं घडीचं घर बनवून घेतलं होतं. ते पिकअपवर चढवून आंबोलीचा घाट उतरायचा होता, आणि वळणावर ब्रेकनं दगा दिला तर दोघंही घरासकट दरीत.

“निवांत घेऊन जा, ताई,” पांढऱ्या पिकअपवर थाप मारत शेठ म्हणाले. “एकहाती गाडी आहे. पहिल्यापासून एका मास्तरांकडे होती, फक्त रविवारी बाहेर काढायचे. मीटर बघा, जेमतेम वीस हजार.”

श्रीधररावांनी सहीसाठी पेन काढलंसुद्धा. नलिनीताईंनी दार उघडलं आणि वाकून ब्रेकच्या पेडलवर हात फिरवला. रबर झिजून आतलं लोखंड बोटांना लागलं. त्या म्हणाल्या,

“हात एकच असेल हो शेठ. पाय मात्र गावभरचे लागलेत.”

शेठनी वाकून पेडल पाहिलं. मग पलीकडच्या गाडीवरचं कापड स्वतःच ओढलं. ती किती हाती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.