टिटवीची हाळी कोणी थांबवली?

दोन डोंगरांच्या मधल्या जंगलात हाळीकरांची एक मोठी मंडळी राहत असे. राहत असे म्हणजे सगळे एकाच ठिकाणी राहत होते असे समजू नका, मुलांनो. कोणी या डोंगरावर, कोणी त्या डोंगरावर, कोणी नदीकाठी, तर कोणी करवंदीच्या जाळीत. बहुतेकांनी एकमेकांचे तोंडसुद्धा पाहिले नव्हते. ओळख होती ती फक्त आवाजाची. एकाने हाळी द्यायची, ज्याला ती ऐकू येईल त्याने ती पुढच्याला द्यायची, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. असे करत नदीकाठची बातमी घटकाभरात वरच्या पठारावर पोहोचत असे. बिबट्या निघाला, उंबर पिकला, पाणवठा आटला, सगळे काही हाळीवर कळे.

आता जिथे एवढी तोंडे, तिथे कटकटी आल्याच. कोणी दिवसभर स्वतःचेच कौतुक सांगत बसे. कोणी गंमत म्हणून "बिबट्या, बिबट्या!" असे ओरडे आणि हरणांची पळापळ ऐकून खिदळे. शेवटी मंडळी वैतागली आणि सर्वांनी मिळून पाच जणांचे एक मंडळ निवडायचे ठरवले. जो हाळीचा गैरवापर करील, त्याच्यावर मंडळाने हाळीबंदी घालायची. हाळीबंदी म्हणजे त्याने घसा फुटेपर्यंत ओरडावे, पण त्याची हाळी कोणीही पुढे न्यायची नाही.

निवडणूक झाली. ज्यांचे आवाज रोज कानांवर पडत, त्यांनाच सगळ्यांनी मते दिली. वानर, धनेश, पोपट, शेकरू आणि कोतवाल पक्षी असे पाच जण निवडून आले. वानर अध्यक्ष झाला. ही पाचही मंडळी भली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत कोणीतरी लबाड निघेल म्हणून वाट पाहत बसू नका. महिन्याभरात त्यांनी खोट्या हाळ्या बंद केल्या, बढाईखोरांना आवरले, आणि जंगलाच्या कानांना जरा विसावा मिळाला.

याच जंगलात एक मुंगूस होता. त्याने जन्मात कधी हाळी दिली नव्हती. तो नुसता ऐकत असे. पण चौकशी करण्याची खोड अशी, की बीळ दिसले की त्यात नाक घातलेच पाहिजे. एके सकाळी तो ऊन खात बसला असताना त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आले. नदीकाठची टिटवी रोज दहा-दहा वेळा "वाट बदला, वाट बदला!" अशी हाळी देत असे. ती हाळी गेले दोन दिवस कोणी पुढे दिलीच नव्हती.

त्याने शेजारच्या सशाला विचारले, "काय रे, टिटवीला काय झालं?"

"हाळीबंदी," ससा म्हणाला.

"का?"

"मंडळाने घातली."

"अरे, पण का घातली?"

"मंडळाला माहीत! आपण त्यांना निवडून दिलंय ना? मग आपण कशाला डोकं शिणवायचं?" असे म्हणून ससा गवतात शिरला.

मुंगसाला हे उत्तर पटेना. पटण्याजोगे उत्तर मिळाले नाही की त्याच्या मिशा फुरफुरत. तो तडक नदीकाठी गेला.

तिथे डोहाच्या अलीकडे गोट्यांचा आणि वाळूचा मोकळा पट्टा होता. मुंगूस दिसताच टिटवी त्याच्या डोक्यावर झेपावली. "चालता हो! अंडीचोर मेला!"

"आहेच मी अंडीचोर," मुंगूस खाली मुंडी घालून म्हणाला, "पण टिटवीताई, तुमची अंडी माझ्यापासून तीन पावलांवर आहेत. चार आहेत. वास मला केव्हाच आलाय. खायची असती तर एव्हाना खाल्ली असती. मला आत्ता भूक नाही, मला प्रश्न पडलाय. तुमची हाळी का थांबवली?"

टिटवी जमिनीवर उतरली. ती इतकी थकली होती, की तिला शत्रूशीही बोलावेसे वाटले.

"पठारावरचे गवे दिवसातून कितीदा तरी पाण्यावर उतरतात," ती म्हणाली. "त्यांची उतरण इथूनच जाते. मी हाळी दिली की ती पठारावर पोहोचायची, आणि त्यांची म्होरकी कळपाला पलीकडच्या वाटेने न्यायची. मंडळाकडे कोणीतरी तक्रार केली, की टिटवी दिवसभर उगाच कालवा करते. मंडळाने कोतवालाला पाहायला पाठवलं. त्याने वरून दोन घिरट्या घातल्या आणि सांगितलं, की बिबट्या नाही, साप नाही, अंडी नाहीत, नुसते खडे आहेत. झालं! काल गवे इथून गेले. एकाचा खूर अंड्यांपासून वीतभर लांब पडला. पिल्लं उद्या-परवा बाहेर येतील रे. तेवढे दोन दिवस मिळाले असते तर..."

मुंगसाने त्या पट्ट्याकडे पाहिले. चार अंडी उघड्यावर पडली होती. रंग मातकट, वर काळपट ठिपके. खरोखरच खड्यांसारखी दिसत होती ती. नाक नसते तर त्यालाही कळली नसती. मग कोतवाल खोटे बोलला नव्हता तर! मुंगसाला हे फारच नवलाचे वाटले. कोणी खोटे बोलले नाही, कोणी लबाडी केली नाही, नियमही मोडला नाही, आणि तरी टिटवीवर अन्याय झाला होता. हे असे होते तरी कसे?

तो पळत पळत मोठ्या उंबराखाली गेला. मंडळ वरच्या फांद्यांवर बसत असे.

"अध्यक्षसाहेब!" त्याने खालून हाक मारली.

"कोण ते?" वानराने पाने बाजूला सारली. "आवाज ओळखीचा नाही."

"कसा असणार? मी कधी हाळी दिलीच नाही. मी मुंगूस. टिटवीच्या हाळीबंदीबद्दल विचारायला आलोय."

धनेशाने आपली भली मोठी चोच हलवली आणि भारदस्त आवाजात म्हटले, "बाबा रे, निर्णय पाचही जणांनी एकमताने घेतलाय. फेरविचार हवा असेल तर पौर्णिमेच्या बैठकीत अर्ज करावा. तसा नियमच आहे."

पौर्णिमेला नऊ दिवस होते.

"अर्ज नाही करत," मुंगूस म्हणाला. "मला नुसतं एक जाणून घ्यायचंय. तुम्ही पाच जण राहता कुठे?"

हा काय प्रश्न झाला, म्हणून मंडळ हसले. पण प्रश्नात वावगे काही नव्हते. शेकरू म्हणाले, "मी शेंड्याकडच्या घरट्यात." धनेश आणि पोपट झाडांच्या ढोल्यांत राहत. कोतवाल सर्वांत उंच वाळक्या फांदीवर बसे. वानर झोपे तो उंबराच्या बेचक्यात.

"आणि जमिनीवर?" मुंगसाने विचारले. "तुमच्यापैकी जमिनीवर कोण राहतं?"

पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. इतके दिवस त्यांनी एकत्र कारभार केला होता, पण ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. आवाज दूरवर जातो तो उंचावरून. म्हणून उंचावरच्यांचेच आवाज सर्वांच्या ओळखीचे, आणि म्हणून निवडून आले ते सगळे फांद्यांवरचे. खरे सांगायचे तर मुंगसाने स्वतःही धनेशालाच मत दिले होते. आवाज छान वाटला, एवढ्यावरच. आता त्याची त्यालाच लाज वाटली.

"गवे आले तर तुम्हाला काय होतं, अध्यक्षसाहेब?" त्याने हळूच विचारले.

"काही नाही," वानर म्हणाला. "आम्ही वरून बघतो." आणि हे बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. तो सरसर खाली आला. "चल, दाखव मला कुठे ते."

धनेश वरून ओरडला, "अहो, पण पौर्णिमा..." वानर थांबला नाही.

दोघे नदीकाठी पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. वानर वाळूत उभा राहून इकडेतिकडे पाहू लागला. "कुठे आहेत अंडी?"

"हलू नका!" मुंगूस किंचाळला. "तुमच्या डाव्या पायापुढे बघा."

वानराने खाली पाहिले आणि उचललेला पाय तसाच वर धरून तो उभा राहिला. तेवढ्यात जमीन थरथरली. वानराने आयुष्यात प्रथमच गव्यांचा कळप खालून पाहिला. उतारावर धूळ उठली होती आणि त्या धुळीतून काळे, प्रचंड देह उतरत होते. प्रत्येक खूर त्याच्या डोक्याएवढा होता. टिटवी अंड्यांपुढे पंख पसरून उभी राहिली आणि "वाट बदला, वाट बदला!" असा आकांत करू लागली. आजूबाजूच्या झाडांवर हाळीकर होते. सर्वांना ऐकू येत होते. पण नियम म्हणजे नियम. कोणीच ती हाळी उचलली नाही.

"बंदी उठली!" वानर छाती फुटेल एवढ्या मोठ्याने ओरडला. "अध्यक्ष सांगतोय, बंदी उठली! हाळी पुढे द्या! वाट बदला!"

मग मात्र झाडाझाडांतून हाळी निघाली. उतारावर म्होरकीने कान टवकारले, मान फिरवली, आणि तिच्यामागे सगळा कळप पलीकडे वळला. पण पुढे धावलेला एक दांडगा गवा वेळेवर थांबू शकला नाही. तो टिटवीच्या अगदी जवळून गेला आणि मग वळला.

धूळ खाली बसली. तीन अंडी होती. चौथ्याच्या जागी ओली वाळू होती.

वानर खालच्या आवाजात म्हणाला, "टिटवीताई, मी नियमानेच वागलो होतो."

"हो," टिटवी तीन अंड्यांवर बसत म्हणाली. "नियमात काही चूक नव्हती, दादा. तुम्ही बघायला आला नव्हतात, एवढंच."

हे ऐकून वानराला रडू कोसळले. मुंगसालाही वाईट वाटले, आणि अंड्यांसाठी वाईट वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

पौर्णिमेच्या बैठकीत वानराने घडलेले सगळे स्वतः हाळीवर सांगितले, एक अक्षरही न लपवता. मग दोन गोष्टी ठरल्या. मंडळात दोन जागा जमिनीवर राहणाऱ्यांच्या राहतील. आणि कोणावरही हाळीबंदी घालण्याआधी मंडळातल्या एकाने तरी त्याच्या ठिकाणी जाऊन, त्याच्या शेजारी उभे राहून, दिवसभर काय घडते ते पाहिलेच पाहिजे. वानराने राजीनामा पुढे केला. मंडळीने तो घेतला, पुन्हा मतदान केले, आणि पुन्हा त्यालाच निवडून दिले. जमिनीवरच्या दोन जागांवर कासव आणि भेकर आले.

मुंगसालाही पुष्कळांनी गळ घातली. तो म्हणाला, "नको रे बाबांनो. मी वर जाऊन उत्तरं देत बसलो, तर खालून विचारणार कोण?"

टिटवीची तिन्ही पिल्ले सुखरूप बाहेर आली. मुंगूस त्या काठाकडे फिरकला की आजही ती जोरात हाळी देते, "मुंगूस आला! सांभाळा!" मंडळी ती हाळी लगेच पुढे नेतात. आणि गंमत म्हणजे, वाटेत कोणी हजर नसेल, तर ती हाळी मुंगूस स्वतःच इमानाने पुढे देतो.

तात्पर्य : कारभारी निवडताना नुसता आवाज ऐकू नये, तो कुठे बसून बोलतो तेही विचारावे, आणि कारभाऱ्याने कोणाचे तोंड बंद करण्याआधी त्याच्या जागी जाऊन उभे राहावे.