इनास गवंड्याचे हात

वसईच्या खाडीत फिरंग्यांची गलबतं यायची, तेव्हाची गोष्ट. आमच्या आगरवाटच्या चर्चच्या भिंती उभ्या होत्या, पण वर छप्पर नव्हतं. पाद्रीबाबांनी रोमहून एका गोल घुमटाचं चित्र आणलं होतं आणि त्यांना हुबेहूब तसाच घुमट हवा होता. इथं तसला घुमट कोणी बांधला नव्हता. इनास गवंडी म्हणाला, "बांधतो."

घुमटाला बांधताना खालून आधार लागतो. एवढं लाकूड आणायचं कुठून? इनासनं ठरवलं, चर्च वाळूनं भरायचं, वर वाळूचाच गोल डोंगर करायचा, त्यावर विटा रचायच्या आणि चुना वाळला की वाळू उपसायची. अख्खं गाव पाट्या घेऊन लागलं कामाला. समुद्र उशाशी असलेली माणसं आपण, वाळू किनाऱ्यावरचीच आणणार. तीच चुन्यातही कालवली. ती आधी गोड्या पाण्यात धुवायला हवी, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घुमट पुरा झाला. इनासनं चुन्याला बोट लावून जिभेवर ठेवलं, तर खारट. खारा चुना धड वाळत नाही, दमट राहतो. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. असं म्हणतात, की तो भरल्या ताटावरून उठायचा आणि जाऊन भिंतीला कान लावायचा.

सणाला बिशप येणार होते. पाद्रीबाबा म्हणाले, "वाळू काढ."

"अजून एक उन्हाळा जाऊ द्या."

ते ऐकेनात. मग इनासनं गावाला लांब उभं केलं. "भरायला तुम्ही सगळे होतात, उपसायला मी एकटा. पडला तर माझ्यावर पडू दे." बायको मरियान मात्र हटेना. ती दारात उभी राहून त्याच्या हातातली पाटी घ्यायची आणि बाहेर रिकामी करायची.

शेवटची पाटी भरली आणि वर कडाडलं. इनासच्या केसांवर चुना पडला.

"अहो, पळा," मरियान म्हणाली.

तो पळाला नाही. घुमट कोसळला तर दारावर येणार आणि दारात ही. त्यानं दोन्ही हात वर केले. माणसाच्या हातांवर घुमट तरतो होय? हसायचं तर हसा. मरियाननंही हात वर केले. मग लांबून बघणाऱ्या गावाला आपलीच लाज वाटली. कोळणींनी टोपल्या खाली ठेवल्या, पाद्रीबाबांनी माळ गळ्यात घातली आणि सगळ्यांचे हात वर गेले. असं म्हणतात, की घुमट इवलासा खचला आणि दमलेलं माणूस बसतं तसा जागेवर बसला.

इनास बाहेर आला, पण त्याचे हात खाली येईनात. ते मरेपर्यंत आले नाहीत. थापी पुन्हा त्याच्या हाती आली नाही. मरियान त्याला घास भरवायची.

आजही आगरवाटला नव्या घराच्या स्लॅबखालचे टेकू काढायचे असले, की गवंडी एकटा आत जातो. घरचे, शेजारचे, रस्त्यानं चाललेलेसुद्धा अंगणात हात वर करून उभे राहतात. खांदे भरून येतात, पोरं कुरकुरतात. गवंडी उंबऱ्यावर दिसला की सगळे हात खाली घेतात. त्याची बायको मात्र घेत नाही. तो जवळ येतो आणि तिचे हात स्वतः खाली आणतो.