रिकामा डबा

आकाशगंगेच्या अगदी टोकाला सोनतळ नावाचा एक इवलासा ग्रह होता. तिथली माणसे काचेच्या मोठ्या घुमटाखाली राहत आणि भुईमूग पिकवत. त्यांची एक जुनी रीत होती. शेजाऱ्याकडून आलेले भांडे कधी रिकामे परत करायचे नाही. घरात काही नसेल, तर चिमूटभर साखर तरी घालायची.

एके दिवशी घुमटावर वज्रकांचे काळे युद्धजहाज येऊन उभे राहिले. सहा हातांचे हे वज्रक ग्रहामागून ग्रह जिंकत चालले होते. त्यांचा एक तोफगोळा पडला असता, तर घुमट फुटून सोनतळावर श्वास घ्यायलाही हवा उरली नसती.

जहाजातून एक उडता डबा खाली उतरला. उघडून पाहिला, तर आत नुसती माती!

"तुम्हाला मातीत गाडू, असा निरोप आहे हा," सेनापती जानोजी गरजले. "वहिनी, डबा रिकामा पाठवायचा नाही ना? मग स्फोटकांनी भरूनच पाठवतो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जानोजींच्या वहिनी सगुणाबाई या ग्रहाच्या प्रमुख होत्या. त्यांची लेकरे याच घुमटाखाली खेळत होती. पण त्या म्हणाल्या, "भावजी, रीत काय फक्त आवडत्या शेजाऱ्यांसाठी असते? माती पाठवली ही त्यांची तऱ्हा. त्यापायी आपण आपली का सोडायची?"

त्यांनी माती काढून डबा धुतला, पुसला आणि शेंगदाण्याच्या लाडवांनी भरला.

डबा वर गेला. जहाजाच्या तोफा खाली वळल्या. सोनतळावर आयांनी लेकरांना जवळ ओढले.

तोफा काही उडाल्या नाहीत. थोड्या वेळाने वज्रकांचा सरदार घ्रूक स्वतःच खाली आला. हातात रिकामा डबा आणि मिशांना लाडवाचा चुरा!

भाषांतराच्या यंत्रातून तो बोलू लागला. "लढाईआधी आम्ही माती पाठवतो. डब्यातून शस्त्र परत आलं, की युद्ध सुरू. आजवर प्रत्येक ग्रहाने शस्त्रच पाठवलं. हे गोल गोल काय आहे? आणखी आहे का?"

"आहे की!" सगुणाबाई हसून म्हणाल्या. "पण रिकामा डबा घेऊन कुणी शेजाऱ्याच्या दारात येतं का?"

घ्रूक ओशाळला. त्याने सहाही हातांनी डोके खाजवले आणि तो जहाजाकडे धावत सुटला. परत आला तेव्हा डबा खुळखुळत होता. आत सगळ्या तोफांच्या किल्ल्या होत्या.

"आमच्या जहाजावर गोडधोड काहीच नाही हो," तो म्हणाला. "सध्या हे चालेल का?"

जानोजी किल्ल्यांकडे बघतच राहिले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "वहिनी, गूळ कुठे ठेवलाय?"

तात्पर्य: समोरचा कसा वागतो हे पाहून आपला चांगुलपणा सोडू नये. कधी कधी शत्रूही त्याचीच वाट पाहत असतो.