मोठ्या दरवाजातली दिंडी

“जास्तीत जास्त वाफ किती लागंल, ते सांगितलंस. आणि कमीत कमी?”

बसगोंडानं कॅटलॉगचं पान उलटलं.

“कमीत कमी किती, बसू?”

“अय्या, ते कोण विचारतं?”

“मी विचारतोय की.”

विचारणारे होते बॉयलरअय्या. साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि मग हिरण्यकेशीकाठच्या या मठात येऊन कफनी घातली. खरं नाव वीरय्या. पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागं वळून बघायचे नाहीत.

बसगोंडा म्हणजे कोल्हापूरच्या कॉलेजात पहिला आलेला इंजिनिअर. हुशारी भरपूर, आणि ती झाकून ठेवायची सवय अजिबात नाही. आज मात्र गडी कॅटलॉग मांडीवर घेऊन अय्यांच्या ओसरीवर पडेल चेहऱ्यानं बसला होता.

मठाच्या स्वयंपाकघरात वाफ त्यानंच आणली होती. दुहेरी भिंतीच्या बारा हंड्या. भिंतीच्या पोटात वाफ फिरते आणि आत अन्न शिजतं. लाकूड नाही, धूर नाही. ही गोष्ट त्यानं हौसेनं केली नव्हती. त्याच्या आव्वानं, म्हणजे आईनं, गौरव्वानं, याच स्वयंपाकघरात चुलीपुढं तीस वर्षं आल्यागेल्याला रांधून घातलं होतं. धुरानं तिचे डोळे गेले. आता तिला फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळे.

“आव्वा, या मठात पुन्हा चूल पेटणार नाही,” असा शब्द त्यानं तिला दिला होता.

आणि सोमवारी तो शब्द मोडायची वेळ आली होती.

झालं होतं असं. बॉयलरकडून येणारी वाफ दांडगी असते. तिला हंड्यांपुरतं मवाळ करायला मध्ये एक वॉल्व्ह लागतो. पुढचा दाब उतरला की तो आपण होऊन उघडतो, चढला की मिटतो. बसगोंडानं पाइपाच्या मापाचाच, चार इंची वॉल्व्ह बसवला. जत्रेत बारा हंड्या एकदम चालल्या, दहा हजार माणूस जेवलं आणि पंचांनी त्याला फेटा बांधला.

जत्रा उठली. मठात राहिली साठ माणसं आणि दुधाची एक हंडी.

आणि वॉल्व्ह पिसाळला! ठक… ठक… ठक… उघडला की वाफेचा लोंढा, दूध उतू. मिटला की दूध थंड. दोन महिन्यांत दोन वॉल्व्ह आतून कापून निघाले. पंच म्हणाले, “सोमवारी शेवटचं बघणार. न्हाई जमलं तर चुली पेटवणार. भूक काय तुझ्या वॉल्व्हसाठी थांबत न्हाई.”

“म्हणून आता सहा इंची बघतोय, अय्या,” बसगोंडा म्हणाला. “परदेशी आहे. एकदम भारी.”

अय्यांनी कॅटलॉग हातात घेतला, चित्रं बघितली आणि त्याचाच पंखा करून स्वतःला वारा घालायला लागले.

“अय्या, मी गंभीरपणे विचारतोय!”

“मीबी. कमीत कमी किती?”

तेवढ्यात बाहेर काठीची टकटक ऐकू आली. गौरव्वा. डोळे गेले तरी तिनं रोजची खेप सोडली नव्हती.

“तुझी आव्वा आली,” अय्या म्हणाले. “जा, मोठा दरवाजा उघड तिला.”

मठाचा मोठा दरवाजा दोन पुरुष उंच. वर्षातून एकदा, रथ बाहेर निघताना, आठ गडी मिळून तो उघडत. एरवी येणंजाणं त्याच्याच एका फळीत कोरलेल्या छोट्या दिंडीतून. वाकून आत यायचं, एवढीच ती दिंडी.

“मोठा? अय्या, ती एकटी आहे.”

“उघड म्हणतो ना!”

अय्यांपुढं कुणाचं चालतंय! बसगोंडानं अडसर काढला. छाती लावून फळी रेटली. ती वीतभर सरकली, तोच नदीवरचा वारा आत घुसला आणि त्यानं फळी परत आपटली.

ठक.

त्यानं पुन्हा रेटली. वीतभर उघडली. वारा आला.

ठक.

पुन्हा.

ठक.

“कोण रं ते दार आपटतंय?” बाहेरून गौरव्वा ओरडली. “माझ्या एकटीसाठी कशाला? दिंडी हाय की!”

आणि ती वाकून दिंडीतून आत आलीसुद्धा. दिंडी जराही वाजली नाही.

बसगोंडा फळीला हात लावून उभाच राहिला. घाम टिपायचंही त्याला सुचेना. तो आवाज त्यानं दोन महिने रोज ऐकला होता. कानात बोळे घालून झोपला होता त्या आवाजापायी.

“साठ माणसं…” तो पुटपुटला. “एक हंडी… अय्या, कमीत कमी मी कधी मोजलंच नाही!”

अय्या कॅटलॉगनं वारा घेत होते.

बसगोंडा कॅटलॉग न घेताच पळाला.

शुक्रवार, शनिवार, रविवार त्याला कुणी जेवताना बघितलं नाही. चार इंची वॉल्व्हची कापलेली बैठक, म्हणजे तो जिच्यावर टेकून मिटतो ती आतली कडी, बदलून त्यानं तो होता तिथंच ठेवला. त्याच्या शेजारून पाइपाची एक वेगळी वाट काढली आणि तिच्यावर दुसरा वॉल्व्ह बसवला. एक इंची. मुठीत मावेल एवढा. लहान्याला थोड्या जास्त दाबावर लावलं, मोठ्याला जरा कमी दाबावर. म्हणजे आधी लहान्यानं उघडायचं. त्याला झेपेना झालं आणि दाब उतरला, तरच मोठ्यानं उठायचं.

सोमवारी पंच आले. त्यांचे म्होरके मुरग्याप्पा त्या वॉल्व्हकडं बघून हसले. “हे पिल्लू काय करणार रं?”

“बघू,” बसगोंडा एवढंच म्हणाला. त्याच्यासाठी हे नवीनच होतं.

दुधाची हंडी लागली. एकच. सगळे कान देऊन उभे राहिले. दाबाचा काटा चढला, थबकला आणि तिथंच बसला. ठक नाही, ठुक नाही.

पाव तास गेला. अर्धा गेला.

गौरव्वा हंडीशी आली. वाकून तिनं वास घेतला, पळी वरच्यावर फिरवली आणि बोटांनी चाचपली.

“साय धरली!” ती म्हणाली. “बसू, दुधानं साय धरली रं!”

बसगोंडानं तिला हाताला धरून बाजूला घेतलं. पण अजून एक परीक्षा होती.

“बारा!” तो ओरडला. “बाराच्या बारा उघडा! एकदम!”

आचाऱ्यांनी भराभरा चाकं फिरवली. काटा घसरला. मुरग्याप्पांनी डोळे मिटून घेतले. आणि मोठा वॉल्व्ह उठला. हळूच, सुस्कारा टाकावा तसा. काटा केसभर खाली थांबला आणि हलायचं नाव घेईना. थोड्या वेळानं बाकीच्या अकरा हंड्यांतून आमटीभाताचा वास सुटला, तरी दुधाच्या हंडीतली साय फाटली नव्हती!

मग काय विचारता! आचाऱ्यांनी पळ्यांनी झाकणं बडवली. मुरग्याप्पांनी डोक्यावरचा फेटा काढून बसगोंडाच्या डोक्यावर ठेवला आणि आपलं टक्कल पुसत म्हणाले, “चुली पाडून टाका रं! आत्ताच्या आत्ता!”

पहिला घाव गौरव्वानं घातला. चाचपडत, हसत, रडत. तीस वर्षं फुंकलेली चूल तिसऱ्या घावाला बसली.

“शब्द पाळला, आव्वा,” बसगोंडा म्हणाला.

“पाळलास बाळा. लई मोठा झालास.”

पंगती उठल्यावर तो तिला घरी न्यायला निघाला. तिचा हात धरला, दिंडीशी आला आणि फेटा काखेत मारून वाकला.

“थांब,” मागून अय्या म्हणाले. त्यांच्याबरोबर आठ गडी होते. “मोठा दरवाजा उघडायचा हाय.”

बसगोंडा ओशाळला. “नको अय्या. मला कळलं ते. माझ्यासाठी दिंडी पुरे.”

“तुझ्यासाठी कोण म्हणालं? तिच्यासाठी.”

गड्यांनी अडसर ओढला. वारा तोच होता. पण आठ खांद्यांपुढं त्याचं काही चाललं नाही. दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत गेल्या. गौरव्वाच्या तोंडावर मोठ्ठा उजेड पडला. ती दचकली.

“अय्या, काय हे! माझ्या एकटीसाठी? दिंडी हाय की!”

अय्यांनी तिच्या मागं बघितलं. मागं अंगण रिकामं होतं.

“गौरव्वा, तुला दिसत न्हाई. तीस वर्षं तू जेवू घातलेल्यांची तुझ्या मागं लई गर्दी हाय.”