अंजनारण्याची अनुज्ञा

त्रेतायुगाचा पूर्वार्ध चालू होता. पृथ्वीवर नांगर आला होता, पण तो अजून सर्वत्र पोहोचला नव्हता. राजे होते, पण त्यांच्या राज्यांत नगरे थोडी आणि अरण्येच अधिक होती. त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर अंजनारण्य नावाचे एक महावन पसरलेले होते. साग, ऐन, अर्जुन, बिबळा आणि मोह अशा वृक्षांनी ते इतके दाटले होते, की भर माध्यान्ही सूर्यनारायणालाही आत उतरायला वाट शोधावी लागे, आणि मेघ तर तेथे हक्काच्या घरी यावेत तसे मुक्कामाला येत. या वनाची अधिष्ठात्री देवी अरण्यानी. ती सहसा कोणाला दर्शन देत नसे, आणि तिला दर्शनासाठी छळावे असे तेथे राहणाऱ्यांनाही वाटत नसे.

राहणारे म्हणजे निषाद. त्यांचा एक आचार होता. ज्याला वृक्ष तोडायचा असेल त्याने आदल्या संध्याकाळी स्वतः त्या वृक्षापाशी जावे, बुंध्यावर तळहात टेकावा, आपली गरज मोठ्याने सांगावी, वर राहणाऱ्या पाखरांना दुसरीकडे बिऱ्हाड करण्याची विनंती करावी, मूठभर धान्य ठेवावे आणि ती रात्र त्याच झाडाखाली झोपावे. स्वप्न वाईट पडले तर सकाळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून मुकाट्याने परत यावे. दुसऱ्याच्या वतीने विचारण्याची मात्र मुभा नव्हती. राजाला लाकूड हवे असेल तर राजाने येऊन मुळांवर झोपावे, असे निषाद म्हणत; आणि राजांच्या पाठींना मुळांची सवय नसल्यामुळे अंजनारण्य सुखरूप होते.

याच वनात शांखल्य नावाचे एक ऋषी आश्रम करून राहत. यज्ञशास्त्रात त्यांचा अधिकार असा, की आहुतीच्या क्रमात कोठे तसूभर चूक झाली तर त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा उपोषणाने त्यांचे प्राण कंठाशी आले असता निषादांची मुख्य, कुरंगी नावाची वृद्धा, मोहाच्या फुलांची पेज घेऊन आली होती आणि शास्त्रार्थ न करता तिने ती त्यांना पाजली होती. तेव्हापासून ऋषी तिला मान देत. तिचे ऐकत असत असे मात्र म्हणता येणार नाही.

पुढे सपाटीवरचे लोक अरण्यात चोरून शिरू लागले. त्यांना आचार ठाऊक नव्हता आणि ठाऊक करून घेण्याची घाईही नव्हती. उभे साग आडवे होऊ लागले. शांखल्यांना हे सहन होईना. त्यांनी घोर तप आरंभले आणि अखेरीस अरण्यानी त्यांच्यापुढे प्रकट झाली. तिच्या केसांत वेली होत्या आणि पायांत काटे होते.

"मुने, वर माग," ती म्हणाली.

"देवी, या वनातील वृक्षांची अनुज्ञा माझ्या वाणीच्या ठायी ठेव. मी अनुमती दिल्यावाचून येथील काष्ठावर कोणाचीही कुऱ्हाड चालू नये."

देवीने शेजारच्या सागाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "तू मागतोस ते माझे नाही. ते एकेका वृक्षाचे आहे. तरीही तुझा हेतू शुद्ध आहे म्हणून ते मी तुझ्याजवळ ठेव म्हणून ठेवते. एकदा दिलेली अनुज्ञा तुला परत घेता येणार नाही. तेव्हा देण्यापूर्वी विचारत जा."

दुसऱ्याच दिवसापासून चोरांच्या कुऱ्हाडी लाकडावरून घसरू लागल्या. ऋषींना कृतार्थ वाटले. कुरंगी आश्रमात आली ती मात्र काही वेगळेच बोलली.

"बाबा, आजवर आम्ही झाडाला विचारत होतो. आता तुम्हाला विचारायचं?"

"मी वृक्षाला विचारीन, कुरंगी, आणि मग तुम्हाला सांगेन. आचार तोच राहील."

"मधे तुम्ही आलात एवढंच," ती म्हणाली, आणि पेजेचे भांडे ठेवून गेली.

शांखल्यांनी शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. कोणी खांबासाठी आला, कोणी नांगराच्या लाकडासाठी, तर ऋषी स्वतः त्याच्याबरोबर जात, बुंध्यावर हात ठेवत, वृक्षाखाली रात्र काढत. परंतु येणारे वाढले. आश्रमाच्या दारी रांग लागू लागली, संध्यावंदनाला उशीर होऊ लागला, वय वाढले आणि दव सोसेनासे झाले. आपण तपस्वी आहोत की वनाचे द्वारपाल, असा प्रश्न त्यांना पडू लागला. हा प्रश्न पडलेल्या माणसाकडे राजे अचूक वेळी येतात.

त्या प्रदेशाचा राजा ऊर्जसेन सैन्य दूर ठेवून, अनवाणी, हातात समिधा घेऊन आश्रमात आला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर ही कथा फार सोपी झाली असती.

"भगवन्," तो म्हणाला, "उत्तरेकडे नदीच्या दोन्ही तीरांवर जी महानगरे झळाळत आहेत, तेथे पूर्वी काय होते? अरण्येच होती. त्या राजांच्या पूर्वजांनी ती जाळली, नांगरली, त्यांचे रथ केले, प्रासाद केले. आता तृप्त झाल्यावर त्यांचे दूत माझ्या सभेत येऊन मला उपदेश करतात, की ऊर्जसेना, अंजनारण्याला हात लावू नकोस, तेथे विसावणाऱ्या मेघांवर आमची शेते पिकतात. त्यांचा पाऊस राखण्यासाठी माझ्या प्रजेने कंदमुळांवर जगावे काय? गेल्या दुष्काळात माझ्या राज्यात आयांनी लेकरांना नुसते पाणी पाजून निजवले. मला शेते हवीत, मार्ग हवेत, धान्याची कोठारे हवीत. पूर्वेचा उतार मला द्या. पश्चिमेचा उतार यावच्चंद्रदिवाकरौ निषादांचा राहील, असे मी अग्नीसमक्ष सांगतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत होती. ऋषी अस्वस्थ झाले. पाणी पिऊन निजलेली लेकरे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"राजा, तुझे म्हणणे न्याय्य आहे," ते म्हणाले. "परंतु प्रत्येक वृक्षाला विचारणे मला प्राप्त आहे."

"एकेका वृक्षाखाली एकेक रात्र? भगवन्, तोवर माझ्या पणतूचे पणतूही उपाशी मरतील."

त्या रात्री शांखल्यांनी पुष्कळ विचार केला आणि त्यांना शास्त्रात मार्ग सापडला. विद्वानांना तो नेहमीच सापडतो. यज्ञविधीत तंत्र नावाचा एक न्याय आहे. एकाच वेळी अनेक मुख्य आहुती द्यायच्या असल्या, तर त्या सर्वांना सामाईक असलेले पूर्वकर्म प्रत्येकीसाठी पुन्हा करावे लागत नाही. एकदा केले की ते सर्वांना पुरते. वृक्षाला विचारणे हेही छेदनाचे पूर्वकर्मच. मग ते एकदा, विधिपूर्वक, सर्वांसाठी का करू नये? हा तर्क सुचला तेव्हा ऋषींना इतके हलके वाटले, की कित्येक महिन्यांनी ते गाढ झोपले.

राजाने वनातच सभा भरवली. निषादांनाही सन्मानाने बोलावले. कुरंगीला मृगाजिन दिले, माळ घातली, मध दिला आणि सर्वांत मागे बसवले. निर्णय वाचून झाल्यावर, आशीर्वादासाठी म्हणून, तिला बोलण्याची विनंती करण्यात आली.

ती उठली आणि राजाकडे न पाहता ऋषींकडे वळली. "बाबा, झाड तोडू नका असं मी कधी म्हटलं नाही. आम्हीही तोडतो. भुकेल्या पोरांच्या आड मी येणार नाही. पण उद्या तुम्ही सगळ्या रानाला एकदम विचारणार, म्हणजे नेमकं कोणाला विचारणार?"

शांखल्यांनी तंत्राचा न्याय तिला समजावून सांगितला. सांगताना त्यांची वाणी प्रसन्न होती.

"आहुतीवर कोणाचं घर नसतं," कुरंगी म्हणाली. "झाडावर असतं."

"हा शास्त्राचा सूक्ष्म विषय आहे, कुरंगी."

ती खाली बसली. मधाला तिने बोट लावले नव्हते हे ऋषींच्या लक्षात आले, आणि त्यांनी दुसरीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी अरुणोदयाचा मुहूर्त होता. शांखल्यांनी वेदी मांडली, अग्नी प्रज्वलित केला आणि उभ्या अरण्याकडे हात करून म्हटले, "हे वृक्षहो, प्रजेच्या क्षुधेसाठी तुम्हाला विचारतो. एकवार विचारले ते सर्वांस पोहोचो." विचारणे झाले. त्याच श्वासात त्यांनी अनुज्ञाही उच्चारली, कारण उत्तराची वाट पाहायला मुहूर्तात जागा नव्हती. तत्क्षणी टेकड्यांमागे सज्ज असलेल्या कुऱ्हाडी उठल्या.

आदल्या संध्याकाळी पाखरांना कोणी काहीच सांगितले नव्हते. वैशाख महिना होता, घरटी भरलेली होती. एकेक अर्जुन कोसळे तो आपल्या ढोल्यांसह कोसळे. खारी, पोपट, घुबडे, मधाची पोळी, सारे त्याच्याबरोबर भुईवर येई. हत्तींचे कळप वाट चुकून राजसैन्यावर धावले, वाघिणी बछड्यांना तोंडात धरून दोन उतारांमधल्या नदीत उतरल्या, आणि पेटवलेल्या झाडोऱ्याच्या धुराने दिशा अशा कोंदल्या, की जणू प्रलयकाळच्या मेघांनी आकाश व्यापावे. ऋषी त्या पडझडीतून चालत होते. एका पडलेल्या सागाच्या ढोलीपाशी ते वाकले. आतली पिले अजून चोची उघडत होती. त्यांना भरवायचे कसे, हे चारही वेद मुखोद्गत असलेल्या त्या महापुरुषाला ठाऊक नव्हते. तेथेच बसून ते रडले.

पूर्वेचा उतार नांगराखाली आला. पहिली पिके उत्तम आली, लेकरे जेवली, आणि ऋषींनी त्यावर मनाचे समाधान करून घेतले. परंतु दोन पावसाळे जाताच उघड्या उतारावरची माती ओढ्यांनी वाहून नेली. राजाच्या मंत्र्यांची दृष्टी पश्चिमेकडे वळली.

कुऱ्हाडी नदी ओलांडताना पाहून शांखल्य धावत राजाकडे गेले. "राजा, पश्चिमेचा उतार तू निषादांना दिला होतास. मी त्याची अनुज्ञा दिलेली नाही."

ऊर्जसेनाने मान खाली घातली. उत्तर त्याच्या मंत्र्याने दिले, आणि तोही शास्त्र शिकलेला होता. "भगवन्, एकदा केलेले सर्वांना पुरते, हा न्याय आपणच सभेत सिद्ध केलात. आता पुन्हा विचारण्याचे कारण उरले नाही. आणि पाहा, कुऱ्हाडी घसरत नाहीत."

खरोखरच त्या घसरत नव्हत्या. ऋषींनी अनुज्ञा मागे घेण्यासाठी जल हातात घेतले, पण शब्द उमटेना. निषाद गाठोडी डोक्यावर घेऊन डोंगरमाथ्याकडे निघाले होते. कुरंगी त्यांच्या पुढे चालत होती. ती ऋषींजवळून गेली तेव्हा थांबली नाही.

संध्याकाळी, तुटक्या बुंध्यांमध्ये, अरण्यानी दुसऱ्यांदा प्रकट झाली. तिच्या केसांत आता वेली नव्हत्या. शांखल्यांनी तिच्या पायांवर लोटांगण घातले.

"माते, मी लोभाने काही केले नाही."

"लोभी असतास तर तुला मी ठेव दिलीच नसती," देवी म्हणाली. "तू थकलास, आणि आपल्या थकव्याला तू शास्त्र म्हटलेस. ज्यांच्या वतीने बोललास त्यांच्या घरात काय आहे हे तू पाहिले नाहीस. म्हणून ऐक. मनुष्याची वाणी तुझ्याकडून जावो. तू पक्षी हो, आणि पृथ्वीवर जितके वृक्ष उरतील त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन, एकेकाला, वेगवेगळे विचार."

"याला अंत, माते?"

"एखादा जरी वृक्ष म्हणाला, की होय, त्या पहाटे माझी संमती होती, तर तू मुक्त होशील."

बोलता बोलता त्यांची जटा आखडून डोक्यावर लाल तुरा झाली, बोटांना नख्या फुटल्या, आणि जी जिव्हा एका शब्दात महावन देऊन बसली होती तिच्यापुढे कठीण चोच आली. तो पक्षी उडाला आणि जवळच्या बुंध्यावर बसून चोचीने दार वाजवू लागला. लोक पुढे त्याला सुतारपक्षी म्हणू लागले, कारण तो लाकूड फोडतो असे त्यांना वाटले.

ऊर्जसेनाच्या वंशाचे पुढे असे झाले, की मेघांनी तो उतार सोडला आणि नद्या वाळूच्या झाल्या. मग त्याच्या नातवांनी आणखी दक्षिणेकडच्या, नुकताच नांगर हाती धरलेल्या राजांकडे दूत पाठवले, आणि अरण्य राखण्याचे महत्त्व त्यांना अत्यंत सुंदर संस्कृतात समजावून सांगितले.

डोंगरमाथ्यावर जे थोडे वन उरले तेथे निषादांनी नवी वस्ती केली. झोपडीच्या मेढीसाठी कुरंगीने एक ऐन हेरला, संध्याकाळी त्याला विचारले आणि मुळांवर झोपली. स्वप्न चांगले पडले. सकाळी तिने कुऱ्हाड उचलली, तोच लाल तुऱ्याचा पक्षी बुंध्यावर येऊन बसला. तो वाजवी, मान कलती करून ऐके, आणि पुन्हा वाजवी.

कुरंगीने त्याला ओळखले. तिने कुऱ्हाड खाली ठेवली.

"आजी, झाडानं तर होय म्हटलंय," तिची नात म्हणाली. "हाकलू का त्याला?"

"मला होय म्हटलंय," कुरंगी म्हणाली. "त्याला अजून काही म्हटलेलं नाही. त्याचं विचारून होऊ दे."

ती बुंध्याशी बसून राहिली. ऊन चढले, तरी पक्षी वाजवतच होता. मग तो थांबला, त्याने फार वेळ कान दिला, आणि पुढच्या झाडाकडे उडून गेला.