शेंड्यावरची पाळी

या डोंगरात माणसांची वाट आली नव्हती, तेव्हा इथल्या उंबरावर वानरांची एक टोळी राहत असे. टोळीची जुनी कथा अशी, की मूळपुरुष धूमकेशाने झाडाच्या शेंड्यावर जागून सगळ्यांना बिबट्यापासून वाचवलं. म्हणून रोज एकाने शेंड्यावर पहारा द्यायचा.

काल टिकल्याची पाळी होती. "धूमकेश झालाच नाही, नुसती गोष्ट आहे ती," म्हणून तो गेला नाही. आज लांबशेप्याची होती. "झाला म्हणजे झालाच! हे बघ, खोडावर त्याच्या नखांचे ओरखडे," असं टिकल्याला पटवता पटवता त्याचाही दिवस झाडाखालीच गेला. परवापासून वर बसलेल्या सावळीआजीचे डोळे आता मिटायला लागले होते.

"अरे, वर या रे कुणीतरी."

"थांब गं आजी, याला आधी कबूल करू दे!"

तेवढ्यात गवत हललं. आजी ओरडली. दोघेही धडपडत एकाच बारीक फांदीवर चढले. बिबट्या खाली थोडा घुटमळला आणि निघून गेला.

"आजी, आता तूच सांग," लांबशेप्या धापा टाकत म्हणाला, "धूमकेश होता की नव्हता?"

"मला नाही माहीत, बाळा," आजी सावकाश खाली उतरत म्हणाली. "शेंडा रिकामा आहे, एवढं दिसतंय."